वस्तीतील दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण: फॉर्म छापण्याआधी ठरवायच्या गोष्टी

गोवंडी परिसरातील एका वस्तीत पाच वर्षांपासून बालवाडी चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेने विचारले आहे: "आमच्या कार्यक्षेत्रात सुमारे २,००० घरे आहेत. बालवाडीत न येणारी आणि शाळेतही न जाणारी काही अपंग मुले या घरांत आहेत, असे वरचेवर कानावर येते. त्यांचे सर्वेक्षण करून त्यांना मदत मिळवून द्यावी, असा आमचा विचार आहे. फॉर्ममध्ये कोणते प्रश्न असावेत, सर्वेक्षण कोणाकडून करून घ्यावे आणि त्याला किती दिवस लागतील?"

मी विशेष शिक्षिका आहे आणि गेली चोवीस वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन दिव्यांग मुलांबरोबर काम करते आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईन. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नाकडे यावे लागेल, कारण बाकीची तिन्ही उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. मूल सापडल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत त्याच्या घरी पुन्हा कोण जाणार आहे, आणि जाऊन काय करणार आहे?

हे आधी विचारते, कारण वस्तीतल्या ज्या आईच्या घरात दिव्यांग मूल आहे, तिने आजवर अनेकदा फॉर्म भरलेले असतात. निवडणुकीच्या आधी कोणीतरी येते, एखाद्या शिबिरासाठी नावे घेतली जातात, मुलाचा फोटो काढला जातो, आधार कार्डाची झेरॉक्स मागितली जाते आणि त्यानंतर कोणीही फिरकत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या संस्थेबरोबर होते, तिनेही हेच केले होते. आम्ही तीन महिने राबून मोठी यादी तयार केली, अहवाल दिला, आणि ज्या निधीवर पुढचे काम अवलंबून होते तो निधी आलाच नाही. दोन वर्षांनी मी त्याच गल्लीत परत गेले, तेव्हा एका आईने मला दारातच थांबवून शांतपणे सांगितले, "ताई, मागच्या वेळचा कागद तुमच्याकडे असेलच. तोच बघा." तिच्या मुलाचे वय त्या कागदावर तीन होते आणि आता ते पाच झाले होते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, असलेल्या मुलाच्या आयुष्यातली ती दोन वर्षे कोणालाही भरून देता येत नाहीत.

म्हणून आधी आपल्या माणसांची मोजदाद करा. एक कार्यकर्ती आठवड्यातून चार दिवस घरभेटी करीत असेल आणि दिवसाला तीन-चार घरे नीट होत असतील, तर दर पंधरवड्याला एक भेट या हिशेबाने तिला पंचवीस ते तीस मुलेच सांभाळता येतात. तुमच्याकडे अशा दोन कार्यकर्त्या असतील, तर २,००० घरांचे सर्वेक्षण एका दमात करू नका. वस्तीचे पाचशे-पाचशे घरांचे चार भाग पाडा, पहिल्या भागातील मुले शोधा, त्यांचे काम मार्गी लावा आणि मगच दुसऱ्या भागात पाऊल टाका. पहिल्या गल्लीतल्या आया दुसऱ्या गल्लीत तुमच्याबद्दल जे सांगतील, त्यावरच पुढची दारे उघडतात.

आता किती मुले सापडावीत, याचा अंदाज. २,००० घरे म्हणजे ढोबळ मानाने १०,००० लोकसंख्या आणि त्यात अठरा वर्षांखालील सुमारे ३,५०० मुले धरू. २०११ च्या जनगणनेत देशातील एकूण लोकसंख्येपैकी २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग नोंदल्या गेल्या आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण १.२४ टक्के होते. त्या मापाने तुमच्या वस्तीत चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान मुले असायला हवीत. उलट युनिसेफने २०२१ मध्ये जगभरातील दिव्यांग मुलांची संख्या सुमारे २४ कोटी, म्हणजे दहा मुलांमागे जवळजवळ एक, अशी मांडली. ते माप लावले तर तुमच्याकडे साडेतीनशे मुले होतात. एवढ्या फरकाचे मोठे कारण विचारलेल्या प्रश्नात आहे. जनगणनेने घरात कोणी दिव्यांग आहे का, असे विचारून प्रकार नोंदवला; युनिसेफच्या पद्धतीत मुलाला काय करायला अडचण येते हे विचारले जाते आणि त्यात सततची भीती, उदासपणा, वागण्यावर ताबा न राहणे या अडचणीही धरल्या जातात. तुमच्यासारख्या संस्थेने दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिल्या फेरीत फक्त दहा-बारा नावे हाती आली, तर वस्ती निरोगी आहे असा निष्कर्ष न काढता आपले विचारणे कुठेतरी चुकले आहे असे समजावे.

विचारण्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे दारात उभे राहून "तुमच्या घरात कोणी अपंग मूल आहे का?" असे विचारणे. या प्रश्नाला "नाही" हे उत्तर बहुधा खरे मानूनच दिले जाते. बापाच्या मनात अपंग म्हणजे कुबडी घेतलेला किंवा पाय गेलेला माणूस असतो. चार वर्षांची झाली तरी न बोलणारी मुलगी त्याच्या लेखी "उशिरा बोलणारी" असते, कारण तिचा काकाही उशिरा बोलला होता. आठ वर्षांचा मुलगा अजून स्वतःच्या हाताने जेवत नाही, तर तो "लाडावलेला" असतो. उत्तरेकडून आलेली कुटुंबे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला "सीधा है" म्हणतात, मराठी घरांत तो "भोळा" असतो, आणि ज्याला फिट येतात त्याचा आजार वेगळाच मानला जातो व त्याचे उपायही वेगळ्याच ठिकाणी चाललेले असतात. "दिव्यांग" हा शब्द सरकारी कागदांवर आला असला, तरी आमच्या गल्ल्यांतल्या अनेक आयांना तो आजही समजावून सांगावा लागतो. मी लिहिताना तो वापरते. विचारताना वापरत नाही.

विचारायचे ते मुलाच्या करण्याबद्दल. वॉशिंग्टन गट (अपंगत्वाची मोजणी कशी करावी हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) आणि युनिसेफ यांनी २०१६ मध्ये तयार केलेली मुलांच्या कार्यक्षमतेची प्रश्नावली यासाठी चांगली आहे. तिचे दोन संच आहेत, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एक आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दुसरा. त्यात अपंगत्वाचा उल्लेखही नाही. पाहायला, ऐकायला, चालायला, बोललेले समजायला, शिकायला, खेळायला अडचण येते का, असे एकेक विचारत जायचे, जिथे शक्य तिथे त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना करायची आणि उत्तर चार पायऱ्यांत घ्यायचे: अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, अजिबात करता येत नाही. या तुलनेने आईची सगळी विचारपद्धती बदलते. "तुमचा मुलगा बोलतो का?" याला ती "हो, बोलतो की" म्हणते. "शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा जेवढे बोलतो, तेवढे हा बोलतो का, आणि घराबाहेरच्या माणसाला त्याचे बोलणे समजते का?" असे विचारले की ती क्षणभर थांबते. त्या थांबण्याची नोंद घ्यायला तुमच्या कार्यकर्त्यांना शिकवा.

दोन वर्षांखालील बाळांना ही प्रश्नावली लागू होत नाही. तिथे वाढीचे टप्पेच विचारावेत. मान चार महिन्यांपर्यंत सावरली का, आधाराशिवाय आठ-नऊ महिन्यांत बसले का, दीड वर्षापर्यंत पावले टाकली का, हाक मारल्यावर वळते का. सोबत जन्माच्या वेळची हकीकतही विचारावी. "जन्मल्यावर लगेच रडलं होतं का?", "काचेच्या पेटीत ठेवलं होतं का?", "कावीळ खूप वाढली होती का?" या तीन प्रश्नांची उत्तरे आया वर्षानुवर्षे विसरत नाहीत. यांपैकी एकाचेही उत्तर काळजीचे असेल, तर बाळ वरवर ठीक दिसत असले तरी त्याचे नाव पुन्हा पाहण्याच्या यादीत गेले पाहिजे.

आता "सर्वे" या शब्दाबद्दल. मुंबईच्या वस्तीत हा शब्द घरावर येणाऱ्या संकटाशी किंवा घर मिळण्याच्या आशेशी जोडलेला आहे. सर्वे म्हणजे दारावर रंगाने टाकलेला नंबर, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची पात्रता, १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा, जुनी वीजबिले आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र. हातात पॅड आणि पेन घेऊन तुम्ही "घरात किती माणसे राहतात?" असे विचारले, की समोरचा माणूस घर वाचवणारे उत्तर देतो. म्हणून पहिल्या भेटीत कागद बाहेर काढू नये आणि घरातली माणसे मोजण्यापासून सुरुवात करू नये. तुम्ही बालवाडीवाल्या आहात, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. "बालवाडीच्या ताई मुलांची वाढ बघायला येताहेत" एवढे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

याच भीतीमुळे एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर असूनही जवळजवळ वर्षभर नोंदीबाहेर राहिली. गोवंडीच्या शिवाजीनगरमधील घरे मुळात १० फूट बाय १५ फुटांच्या जागेवर उभी आहेत आणि बहुतेक घरांवर पोटमाळा किंवा पत्र्याची वरची खोली चढवलेली आहे. तिथे बाहेरून लावलेल्या लोखंडी शिडीने जावे लागते आणि ती खोली पुष्कळदा भाड्याने दिलेली असते. खालच्या घरमालकिणीला मी तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा तिने "वर कोणी नाही, सामान ठेवलंय" असे सांगितले; भाडेकरूचे नाव कुठल्याही कागदावर येऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. चौथ्या खेपेला मी गल्लीत खेळणाऱ्या मुलांना सहज विचारले की, तुमच्यात खेळायला न येणारे कोण कोण आहे. एक सहा-सात वर्षांचा मुलगा वर बोट दाखवून म्हणाला, "वरची दीदी येत नाही. ती बोलत नाही, पण हसते." ती अकरा वर्षांची होती. वडील जरीच्या कारखान्यात कामाला जाण्याआधी तिला खिडकीपाशी गोधडीवर आडवे करून जात, कारण तिथून तिला खालची मुले दिसत. शिडीवरून तिला उचलून खाली आणणे आता त्यांनाही जमत नव्हते, आणि शेवटचे ती खाली उतरली होती ते दीड वर्षापूर्वी, तापासाठी दवाखान्यात जाताना. तिचे दोन्ही गुडघे आखडून गेले होते. मी तिच्याजवळ बसले तेव्हा तिने डोळ्यांनी आईकडे, मग रिकाम्या पेल्याकडे आणि पुन्हा आईकडे पाहिले, आणि आईने न बोलता तिला पाणी पाजले. ती बोलत नव्हती, पण तिला मागता येत होते. एवढे कळायला मला वर्ष लागले, कारण मी फक्त उघड्या दारात उभ्या असलेल्या माणसांनाच विचारत होते.

तेव्हापासून आमचा नियम आहे की, प्रत्येक शिडी चढायची आणि प्रत्येक गल्लीत मुलांना विचारायचे. सात ते बारा वर्षांच्या मुलांना आपल्या गल्लीतले कोण खेळायला येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला बांधून ठेवतात, हे सगळे माहीत असते आणि ते लपवावे असे त्यांच्या मनात येत नाही. मात्र मुलांनी सांगितलेली गोष्ट "अमक्याने सांगितले" म्हणून त्या घरात कधीही बोलू नये.

मोठ्या माणसांपैकी कोणाला विचारायचे, हेही ठरवून घ्या. गावातील किंवा वस्तीतील जाणत्या माणसांकडून मुले शोधण्याची पद्धत बांगलादेशात मुलांमधील अंधत्वाच्या कामात वापरली गेली आणि पुढे ती इतर प्रकारच्या अपंगत्वासाठीही उपयोगी ठरली. आपल्याकडे अशी जाणती माणसे म्हणजे अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, पालिकेच्या आरोग्य सेविका, सुईणीचे काम केलेल्या वयस्क बायका, मदरशाचे मौलाना, बचत गटाच्या अध्यक्षा, गल्लीतला किराणावाला आणि औषधाच्या दुकानातला माणूस. फिटचे औषध कोणत्या घरात दरमहा जाते आणि आठ वर्षांच्या मुलासाठी डायपर कोण नेते, हे दुकानदारांना ठाऊक असते. पल्स पोलिओच्या पथकांची घरांची यादी आणि दारावर केलेल्या त्यांच्या खुणा याही फार उपयोगी पडतात, कारण पाच वर्षांखालील मुलांसाठी इतक्या बारकाईने घरोघर फिरणारी दुसरी यंत्रणा नाही. आरोग्य सेविकेशी आधीच बोलून ठेवावे. तिला तिच्या कामाचा भार वाढतो आहे असे वाटता कामा नये.

सरकारी तपासण्या असताना हे सगळे कशासाठी, असा प्रश्न तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी विचारेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळांत वर्षातून एकदा मुले तपासतात. जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब या चारही बाबी त्यात येतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. कार्यक्रम चांगला आहे, त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. पण पथक अंगणवाडीत येते आणि आपल्याला हवे असलेले मूल अंगणवाडीत नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितले आहे ते शाळेत जाणाऱ्या मुलांचे. ४ जुलै २०१५ रोजी आपल्या राज्यात एकाच दिवशी शाळाबाह्य मुले शोधण्याची मोहीम झाली, तेव्हाही असंख्य मुले सुटल्याची तक्रार क्षेत्रातल्या अनेक संस्थांनी केली होती. एका दिवसात, दिवसाउजेडी, अनोळखी माणसाला दिसणारी मुले तेवढीच नोंदली जातात.

सर्वेक्षण कोणाकडून करून घ्यावे? समाजकार्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी मन लावून काम करतात, पण परीक्षा आली की जातात. माझे स्पष्ट मत आहे की, वस्तीतल्याच बायका घ्याव्यात, त्यांना योग्य मानधन द्यावे आणि त्यांच्यात निदान एक-दोन तरी दिव्यांग मुलांच्या आया असाव्यात. अशी आई दुसऱ्या आईच्या घरात गेली की, ज्या गोष्टी मला चार भेटींत कळत नाहीत त्या तिला पहिल्या अर्ध्या तासात कळतात. फक्त एक काळजी घ्यावी: तिला तिच्या स्वतःच्या गल्लीत पाठवू नये. मोठ्या बहिणीचे लग्न ठरत असताना घरातल्या दिव्यांग मुलीबद्दल कोणालाही कळू नये म्हणून धडपडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि शेजारणीने वही काढलेली अशा घराला सोसत नाही.

प्रशिक्षणाला चार दिवस द्या आणि त्यातले दोन दिवस खोलीबाहेर घालवा. व्याख्यानात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नावे पाठ करून घेण्यात काही हशील नाही. २०१६ च्या कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांवरून ही यादी एकवीसवर नेली हे कार्यकर्तीला माहीत असावे, पण निदान करणे तिचे काम नाही आणि तिने वहीत "मतिमंद" किंवा "ऑटिझम" असे लिहिता कामा नये. तिने जे पाहिले तेच लिहावे: "नावाने हाक मारली तरी वळत नाही, मागून ताट वाजवले तेव्हा वळला", "उजवी मूठ मिटलेली, डाव्या हाताने बिस्किट घेतले", "पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन बघते". अशी एक ओळ पुढे तपासणाऱ्या डॉक्टरला अर्ध्या पानाच्या फॉर्मपेक्षा जास्त सांगते. प्रशिक्षणात बालवाडीतलीच मुले समोर बसवून प्रत्येकीला अशी पाच-पाच वाक्ये लिहायला लावा आणि ती एकमेकींना वाचून दाखवा.

आता फॉर्म. तो एका पानाचा असावा. मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा आईच्या आठवणीप्रमाणे वय, आईचा फोन, घरापर्यंत पोहोचण्याची खूण, वर सांगितलेले करण्याविषयीचे प्रश्न, कार्यकर्तीची निरीक्षणे, आतापर्यंत कुठे दाखवले आणि ते का थांबले, दिवसभर मुलाजवळ कोण असते आणि आईला सध्या कोणत्या एका गोष्टीची सर्वांत जास्त अडचण वाटते. शेवटचा प्रश्न गाळू नका. आपण फिजिओथेरपीचा विचार करीत असतो आणि आई म्हणते, "रात्री झोपत नाही, त्यामुळे मला सकाळी कामावर जाता येत नाही." त्या झोपेपासून सुरुवात केली तर पुढच्या व्यायामाला ती आपण होऊन तयार होते. जात, धर्म, उत्पन्न, घराची मालकी यांपैकी काहीही पहिल्या फॉर्मवर नको. योजनेसाठी लागेल तेव्हा त्या-त्या वेळी विचारता येते.

या पहिल्या चाळणीत आलेल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्यांदा जाणकार माणसाने पाहिले पाहिजे. आपल्याकडे पूर्णवेळ तज्ज्ञ नसेल, तर महिन्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आणि एक दिवस वाचा-श्रवणतज्ज्ञ बालवाडीत बोलावण्याची व्यवस्था सर्वेक्षणाच्या आधीच करून ठेवा. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हालचालीच्या अडचणींसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या दोन्ही ठिकाणांचा उपयोग होतो; मात्र गोवंडीहून आठ-नऊ वर्षांचे मूल कडेवर घेऊन हार्बर मार्गाच्या लोकलच्या गर्दीत चढणे काय असते, हे लक्षात घेऊन पहिल्या खेपेला कार्यकर्तीने बरोबर गेलेच पाहिजे. केसपेपर काढणे, रांग कुठली, पुढची तारीख कोणती, हे एकदा सोबत राहून दाखवले की पुढच्या वेळी बहुतेक आया स्वतः जातात.

दुसऱ्या तपासणीत सर्वांना सारखी घाई नसते, पण काही मुलांच्या बाबतीत एक आठवडाही दवडू नये. जन्मतः पाऊल आत वळलेले बाळ सापडले, तर पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत बहुतेक पावले शस्त्रक्रियेच्या मोठ्या खटाटोपाशिवाय सरळ होतात. प्लास्टरनंतरचे बूट मात्र चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री वापरावे लागतात आणि तेच पुष्कळदा सुटतात, म्हणून घरभेट हवी. ऐकू न येणाऱ्या बाळाला श्रवणयंत्र जितक्या लवकर मिळेल, तितकी त्याची भाषा वाढते. डोळ्यांत पांढरा ठिपका दिसणारे बाळ त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचले पाहिजे. आणि मूल आधी येत असलेली गोष्ट विसरू लागले आहे, म्हणजे चालत होते ते आता पडते किंवा बोलत होते ते थांबले, असे आईने सांगितले, तर ती नोंद लाल शाईने करावी.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर नेमून दिलेल्या रुग्णालयात मंडळापुढे तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागते आणि तसे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण मिळण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने आला. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी मात्र महाराष्ट्रात किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तुमच्या वस्तीतील कितीतरी स्थलांतरित कुटुंबे तिथेच अडतात. म्हणून पैशांचे आश्वासन पहिल्या भेटीत कधीही देऊ नये. आणखी एक गोष्ट विसरू नये: ज्याला ४० टक्के मिळाले नाहीत, त्या मुलाचीही अडचण खरीच असते. चौथीत असून अक्षरे न जुळणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांआधी मिळत नाही आणि नंतरही सहज मिळत नाही. त्याच्या शिकण्याची सोय तुम्हाला बालवाडीच्या खोलीत संध्याकाळी करता येईल.

काही घरांत कार्यकर्तीला पाहवणार नाही असे दृश्य दिसेल. एका घरात सहा वर्षांचा मुलगा खाटेच्या पायाला ओढणीने बांधलेला मी पाहिला. बाहेर चार पावलांवर उघडा नाला होता, आई चार घरची धुणीभांडी करून दोन वाजता परतत असे आणि त्या मुलाला धोका कळत नव्हता. ओढणीची गाठ सैल होती आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात पाण्याची बाटली व पोळी होती. अशा घरात "अत्याचार" असे लिहून बाहेर पडणे सोपे असते. आम्ही दाराला अर्धी फळी बसवून दिली आणि रोज अकरा ते दोन त्याला बालवाडीत बसवायला लागलो. मारहाण, उपासमार किंवा लैंगिक छळाचा संशय आला तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच दिवशी संस्थेतील जबाबदार व्यक्तीला कळवावे आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करावा. हा फरक कसा करायचा, ते प्रशिक्षणातच उदाहरणे देऊन बोलून घ्या.

नोंदींची वही कुलपात राहिली पाहिजे. मुलांची नावे, फोटो किंवा घरचे पत्ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत, देणगीदार कितीही मागोत. नगरसेवकांच्या कार्यालयाला यादी हवी असेल, तर फक्त संख्या द्यावी आणि ज्या पालकांची लेखी संमती आहे त्यांचीच नावे द्यावीत.

आता किती दिवस लागतील? पाचशे घरांना दोन-दोनच्या तीन जोड्या असतील तर पाच ते सहा आठवडे धरा. सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळेत आणि दुपारी कामावर गेलेल्या बायका परतण्याआधी जाऊन काही मिळत नाही. दुपारी तीन ते साडेसहा ही वेळ चांगली आणि रविवारी सकाळी वडील भेटतात. मे महिन्यात आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सर्वेक्षण ठेवू नका. बंद असलेल्या प्रत्येक घरी तीनदा जायचे आणि तिसऱ्यांदाही कुलूप असेल तर शेजारी विचारून वहीत "गावी" असे लिहून परतण्याचा महिना नोंदवायचा. दिव्यांग मुलाला आजीजवळ गावी ठेवून आई-वडील मुंबईत राबतात, अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणून "घरात" मुले किती असे न विचारता "तुम्हाला एकूण मुले किती, आणि कोण कुठे असते?" असे विचारा.

पहिल्या पाचशे घरांची वही पूर्ण झाली, की मुलांची यादी आडनावाप्रमाणे न लावता वयाप्रमाणे लावा. तीन वर्षांखालील मुलांकडे त्याच आठवड्यात जा. त्यानंतर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडे, कारण अठरा पूर्ण झाल्यावर शाळेचे आणि बालकांच्या योजनांचे दार बंद होते आणि ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येणार नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याची कागदपत्रे जमवायला वर्ष जाते. मधल्या वयाच्या मुलांच्या भेटी त्यापुढच्या पंधरवड्यात सुरू करा, आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना रिकामा ठेवा, ज्यात पुढच्या भेटीची तारीख आईसमोर बसून लिहायची.